मदत हवी आहे: डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांसाठी फोनवरून किंवा ऑनलाइन आधार, कोणी घेतलाय का?

नमस्कार मंडळी,

आईला अल्झायमर आहे, आजार मधल्या टप्प्यात आलाय. दिवसभर तिच्याजवळ मीच असते. तिला एकटं ठेवून आधारगटाच्या बैठकीला जाणं शक्य नाही, म्हणून घरबसल्या मिळेल अशी मदत शोधतेय.

जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा ऑनलाइन अभ्यासक्रम बघितला. 5 भाग, 23 पाठ, आणि सगळं घरच्या सांभाळणाऱ्यांसाठीच. एक अख्खा भाग आपण स्वतःला कसं जपायचं यावर आहे, तो जरूर बघा. मला सर्वांत गरज होती ती आईच्या वागण्यातले बदल कसे हाताळायचे या माहितीची. संध्याकाळ झाली की आई दाराची कडी चाचपत "मला घरी जायचंय" म्हणते. "अगं, हेच आपलं घर" म्हटलं की आणखी बिथरते. "तुझ्या घरी कोण कोण असतं गं?" असं विचारलं की कधी कधी बोलता बोलता दारापासून हलते. कधी अजिबात नाही. अशा वेळी पुढे काय करायचं, हे विचारायला जिवंत माणूसच लागतो.

अमेरिकेतल्या 'रीच 2' या कार्यक्रमाबद्दल वाचलं, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. घरभेटी, त्यांच्या जोडीला फोनवरचा आधारगट, आणि सल्ला त्या त्या घराची अडचण बघून. मला नेमकं असंच काहीतरी हवंय.

व्हिडिओ कॉलवरचा गट असेल तर माझी अडचण वेगळी आहे. फोनमधून आवाज आले की आईला वाटतं घरात कोणी आलंय, मग ती खोल्याखोल्यांतून शोधत फिरते. हेडफोन लावले तर मी कोणाशी कुजबुजतेय म्हणून संशय घेते. शिवाय तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलणं मला पटत नाही. नावं विसरली असली तरी माझ्या आवाजातला वैताग तिला बरोबर कळतो. तुम्ही हे कॉल कुठे बसून, कोणत्या वेळी घेता?

दुसरं म्हणजे, दर वेळी तोच समुपदेशक मिळतो का? एका हेल्पलाइनवर प्रत्येक फोनला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, आणि मुद्द्यावर येईपर्यंत आई उठलेली असायची. आधी लिहून पाठवायचं आणि सवडीने उत्तर घ्यायचं, अशी सोय कुठे आहे का? आणि बोलणं रेकॉर्ड करतात का, केलं तर आधी विचारतात का?

औषधांबद्दल इथे विचारत नाहीये, ते डॉक्टर बघताहेत. असा एखादा कार्यक्रम ज्यांनी दोन-तीन महिने तरी वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मध्येच सोडला असेल तर का सोडला, तेही सांगा.