लायकी आधी की क्षमा आधी?

आधी स्वतःला सुधारावं, मग देवापुढे जावं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला उधळ्या मुलगा बघा: बापाकडून वाटा घेऊन तो दूर गेला आणि सगळं उधळून बसला. डुकरं चारताना, उपाशीपोटी तो बापाला काय म्हणायचं ते मनाशी घोकतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला मजूर म्हणून ठेवा. पण बाप लांबूनच त्याला बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा बोलू लागतो, तर मजुरीचं ते वाक्य तोंडातून निघतच नाही. १९व्या वचनात आहे, २१व्यात नाही! बापाने झगा, अंगठी, जोडे मागवलेसुद्धा. (कितीदा वाचूनही हे मला फार उशिरा दिसलं.)

क्षमा अशी फुकट मिळते म्हणजे ती स्वस्त, असं मात्र नाही. ख्रिस्ती विश्वासात क्षमेची किंमत येशूने वधस्तंभावर चुकवली आहे. म्हणूनच इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल तारणाला, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेला, देवाचं दान म्हणतो. पश्चात्ताप हवाच, पण तो म्हणजे घराकडे वळणं, आधी हिशेब चुकता करणं नव्हे.

आणि थोरला भाऊ? धाकट्याचं असं स्वागत झालेलं बघून तो रुसून दाराबाहेर थांबतो, तर बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही.