मदत हवी आहे: प्रथिनाच्या चित्रावरची लेबलं छापल्यावर वाचताच येत नाहीत

नमस्कार मंडळी. पीएचडीचं चौथं वर्ष, मुक्काम पणजी. चोडणच्या खारफुटीतल्या चिखलात सापडलेल्या एका जिवाणूच्या प्रोटिएझवर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवर, काम करते. एन्झाइम सबटिलिसिन नावाच्या प्रोटिएझच्या घराण्यातलं. त्याचं मॉडेल पायमोलमध्ये (रेणूंची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) उघडून ॲस्पार्टेट, हिस्टिडीन, सेरीन या तोडायचं काम करणाऱ्या अमिनो आम्लांच्या त्रयीला नाव आणि साखळीतला क्रमांक अशी लेबलं लावली आणि पेपर पाठवला. परवा परीक्षकांचा शेरा आला: अक्षरं वाचता येत नाहीत, क्रमांकही चुकीचे वाटतात.

पडद्यावर सगळं छान दिसतं हो! पण पायमोलच्या रे या आज्ञेने २४०० पिक्सेलची पीएनजी काढली की तीच अक्षरं मुंगीएवढी. मार्केटाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे एका कॉलमच्या रुंदीत, म्हणजे ८५ मिमीत छापून घेतलं, तर काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बाय, हांगा कितें बरयलां?" हिस्टिडीनचं लेबल शेजारच्या हेलिक्समध्ये (प्रथिनाच्या पिळात) बुडालंय, नुसता शेवटचा आकडा वर. लेबलातल्या ग्रीक अल्फा अक्षराच्या जागी चौकोन.

क्रमांकांचं वेगळंच. सबटिलिसिनमध्ये ही त्रयी ३२, ६४, २२१ वर असते. माझ्या फाइलमध्ये मोजणी जनुकाच्या पहिल्या मेथिओनिनपासून, म्हणजे सिग्नल पेप्टाइड आणि प्रोपेप्टाइड (पुढे कापून टाकले जाणारे सुरुवातीचे तुकडे) धरून, त्यामुळे सेरीन ३२९ वर. सर म्हणतात आपलेच आकडे ठेव, परीक्षकांना घराण्याचे हवेत. मी कुणाचं ऐकू?

जुना स्फटिकवाला:
तात्पुरता इलाज आधी. लेबल साइज उणे दे, उणे २ वगैरे. मग अक्षर पिक्सेलात न मोजता अँगस्ट्रॉमात, म्हणजे रेणूच्याच मापात, मोजलं जातं आणि चित्र मोठं केलं की रेणूबरोबर वाढतं. बुडालेल्यांसाठी फ्लोट लेबल्स चालू कर, म्हणजे लेबलं रेणूच्या पुढे दिसतात.

पण खरं सांगू का, छापायच्या चित्रात पायमोलची लेबलं ठेवूच नयेत. पार्श्वभूमी पारदर्शक करून साधारण २००० पिक्सेल रुंदीची पीएनजी काढ (८५ मिमीला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, धरले की तेवढेच होतात). इंकस्केपमध्ये (रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर) पानच ८५ मिमी रुंद घे, त्यावर चित्र बसव आणि अक्षरं तिथे टाईप कर, एरियल, ८ पॉइंट. नंतर लहानमोठं करायचं नाही. तिथे अल्फाही नीट उमटतो. पीडीएफ काढलीस तर अक्षरं व्हेक्टरच राहतात, म्हणजे कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. जेपीईजी करशील तर अक्षरांभोवती राखाडी धूळ बसेल. लेबल रेणूवर न ठेवता बाजूच्या पांढऱ्या जागेत ठेव, बारीक काळी रेघ ओढ. लाल-हिरवी जोडी टाळ, वाचणाऱ्यांत रंगांधळेही असतात.

क्रमांक तुझेच ठेव. (सरांची बाजू घेत नाहीये!) कुणी तुझी फाइल उघडली तर चित्रातला ३२९ तिथे सापडला पाहिजे. सबटिलिसिनचे ३२, ६४, २२१ चित्राखालच्या ओळीत एकदा दे, परीक्षकही गप्प बसतील. आणि हे मॉडेल आहे, स्फटिकातून काढलेली रचना नव्हे, हे लिहिलंयस ना?

खाजणकाठ:
+१. तिन्ही लेबलांची पद्धत एकच ठेव. एकीकडे तीन अक्षरी नाव, दुसरीकडे एकाक्षरी, असं करू नकोस. मजकुरातही तेच.

धागाकर्ती:
आभार दोघांचेही. उणे २ ने अक्षर मोठं झालं, पण जाडजूड आणि कुरूप दिसतं, म्हणून इंकस्केपच धरलं. पावसात दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा फाइल सेव्ह नव्हती, त्यामुळे तिन्ही लेबलं तिसऱ्यांदा टाकली. काल परत काकांकडे छापलं. या वेळी चष्मा न उचलता वाचलं आणि विचारलं, "सेर ३२९? कसलें वजन हें?"

मॉडेलचं लिहायचं राहूनच गेलं होतं. आता लिहिलंय.