खलनायकाला दुःखी बालपण हवंच का?

पेठेतला गेमर:
परवा इथे एकाने लिहिलं, "खलनायक वाईट का झाला हे दाखवलं नाही, तर तो नुसता बागुलबुवा. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला सॉरॉन म्हणजे मनोऱ्यावरचा दिवा." वाचून डोकं इतकं फिरलं की दोन दिवसांनी का होईना, लिहायला बसलोय.

हल्ली प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण चिकटवायची साथ आली आहे. बाप मारायचा, गावाने वाळीत टाकलं, म्हणून बिचारा जग जाळायला निघाला. अहो, आधी भीती तर वाटू द्या! सुरुवातीची लढाई सोडली तर सॉरॉन धड दिसतसुद्धा नाही. तरी नायक फ्रोडोने सॉरॉनची अंगठी बोटात घातली की माझ्या पोटात गोळा येतो.

गेममध्ये तर हे जास्तच खरं. १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया आठवा. नारायण पेठेत काकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आम्ही भावंडं रविवारी खेळायचो. ६० मिनिटांत दुष्ट वजीर जाफरच्या कैदेतली राजकन्या सोडवायची. चौथ्या लेव्हलला आरसा येतो. पळत येऊन त्यातून उडी मारली की आपलीच सावली उलट्या बाजूला निघून जाते. पुढच्या लेव्हलला ती आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते. त्याच्या पुढे मी उडी घेणार, एवढ्यात तिने दरवाजा पाडला आणि मी थेट खाली. एक शब्द बोलली नाही. मी कीबोर्ड आपटला आणि काकाच्या हातचा मार खाल्ला. जाफरचा चेहरा आज आठवत नाही, सावली आठवते.

सिंहगड रोडकर:
दिव्याचं वाक्य माझं आहे आणि मागे घेणार नाही. तुम्ही सेफिरॉथला सोयीस्कर विसरलात. फायनल फँटसी सेव्हन या गेमचा खलनायक, १९९७. तळघरात बसून तो दिवसरात्र कागदपत्रं वाचतो, आपण प्रयोगातून जन्मलो हे त्याला कळतं, मग तो गाव पेटवतो. ते वाचन काढून टाका, उरतो लांब केसांचा तलवारबाज.

पेठेतला गेमर:
आणि त्याच गेममधली आपली सोबतीण एरिथ? कित्येक तास जिला जपलं, तिच्या पाठीतून वरून उतरून सेफिरॉथची तलवार आरपार. त्या क्षणी तळघर कोणाला आठवतं?

वाड्यातली:
तुंबाड सिनेमा घ्या ना. त्यातला शापित देव हस्तर फक्त भुकेला आहे. कणकेची बाहुली टाकली की झडप घालतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटीतल्या मोहरा पाडून घ्यायच्या. खरा खलनायक पुण्यात राहतो, त्या मोहरांना हपापलेला विनायक. असा एक आमच्या घरात होता. आजी दवाखान्यात असताना त्याने तिच्या उशाखालच्या किल्ल्या काढल्या. त्याचं बालपण लाडात गेलं होतं. हाव होती, बस.

टिळक रोडवरचा:
तुंबाडचं नाव काढलंत म्हणून विचारतो. तो हिंदीत का? नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, बीज नारायण धारपांच्या कथेतलं, माणसं आपली, गाव कोकणातलं, आणि बोलायचं हिंदीत! २०२४ला पुन्हा लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. त्यातल्या शापित म्हातारीला बघून मध्यंतरात म्हणाली, "ती म्हातारी मराठीत बोलली असती ना, तर मी घाबरून उठून घरी गेले असते."

कर्वेनगरकर:
मराठीत काढला असता तर बघायला कोण आलं असतं? मागच्या महिन्यात मराठी सिनेमाला गेलो, थिएटरात आठ डोकी. मी मोजली.

टिळक रोडवरचा:
डोकी मोजण्याआधी खेळाची वेळ बघा! मंगळवारी दुपारी साडेबारा. नोकरी सोडून यायचं का लोकांनी?

कर्वेनगरकर:
आवाज खाली. मीही मराठीच आहे. पण मराठीत असला खलनायक कधी जमलाय का? तात्या विंचू? तो विनोदी.

वाड्यातली:
विनोदी? १९९३ला झपाटलेला आला तेव्हा मी सात वर्षांची होते. रामदास पाध्यांचा तो बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज! घरी येऊन माझी बाहुली लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. आईला महिनाभर त्या कपाटातल्या साड्या मिळाल्या नाहीत. त्याच्या आधी धडाकेबाजमधला कवट्या महाकाळ. खलनायक होते आपल्याकडे. पुढे कोणी नवे घडवले नाहीत, याचा राग येतो.

कर्वेनगरकर:
बरं, तात्या विंचू दिला तुम्हाला. बाकी मुद्दा कायम.

सिंहगड रोडकर:
मूळ विषयावर येऊ का? गेमरभाऊ, ती सावली कोणाची? तुमचीच. बाराव्या लेव्हलला तिच्यावर वार केला की आपलीच ताकद जाते, तलवार म्यान केली की ती आपल्यात परत मिसळते. ती आरशातून जन्माला आली तेव्हा तुम्ही समोर होतात. याहून स्पष्ट भूतकाळ कुठल्या खलनायकाला दिलाय? तुमच्याच उदाहरणाने माझं म्हणणं सिद्ध केलंत.

पेठेतला गेमर:
जड जातंय, पण सावलीचं मान्य. तलवार म्यान करायची असते हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर दर रविवारी मी तिला मारायला जायचो आणि स्वतःच मरायचो. सॉरॉनचं मात्र अजिबात मान्य नाही.

टिळक रोडवरचा:
आणि हिंदीचं? त्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.