नग्न पुरुषाकृती ब्राँझमध्ये : 'अंगावरून साचा काढलाय' असं कुणी म्हणू नये म्हणून काय करावं?

मातीकाम_नागपूर
आर्मेचर (मातीला आतून धरणारा सांगाडा) उभं आहे, माती चढवायची बाकी आहे. मॉडेल १७५ सेंमी, आकृतीही तेवढीच ठरवली आहे. प्रदर्शन नागपुरातच. आकृती हुबेहूब झाली की लोक संशय घेतात, की ती हाताने घडवलेली नाही, मॉडेलच्या अंगावर प्लास्टर लावून साचा काढलाय. आत्ताच काय बदलावं?

कॅलिपर
भाऊ, उंची बदला. १८७७ मध्ये फ्रेंच शिल्पकार ऑगस्त रोदँच्या 'ब्राँझयुग' या नग्न पुरुषाकृतीवर हाच आरोप झाला, कारण आकृती हुबेहूब आणि माणसाएवढी होती. मॉडेल होता ऑग्युस्त नेट नावाचा बेल्जियन सैनिक. रोदँने त्याचे फोटो पुरावा म्हणून दिले, तरी कुजबुज थांबली नाही. इतर शिल्पकारांनी त्याची बाजू घेतल्यावर १८८० मध्ये फ्रेंच सरकारने ते शिल्प विकत घेतलं. 'संत जॉन'चा पुढचा पुतळा त्याने माणसापेक्षा मोठाच घडवला.

हिशोबही तेच सांगतो. मातीच्या आकृतीवरून साचा घेऊन आधी मेणाची प्रत बनते, मग मेण वितळवून त्या जागी ब्राँझ ओततात. मेण आणि ब्राँझ मिळून साधारण दोन टक्के आकसतात, म्हणजे १७५ चे १७१-१७२ होतात. अंगावरून काढलेलं ओतकामही असंच किंचित लहान येतं. १९५ सेंमी धरा, संशयाला जागाच राहत नाही. उघड्या जागेत माणसाएवढी आकृती तशीही खुजी दिसते.

ओतकामवाला
अंगावरचा साचा ओळखू येतो. प्लास्टरच्या वजनाने मांसल भाग दबतात, व्हॅसलीन लावलेले केस चपटे बसतात, डोळे मिटलेले असतात. त्वचेची छिद्रं उमटतात, पण स्नायूंत ताण नसतो. म्हणून ओल्या ब्रशने माती गुळगुळीत करू नका, हत्याराचे ठसे राहू द्या. जिवंतपणा बाह्यरेषेतून येतो. आकृती आणि मॉडेल दोन्ही थोडं थोडं फिरवून प्रत्येक बाजूची रेषा तपासा, शिडीवर चढून वरूनही. आर्मेचर दिसतंय, अर्धीच माती चढली आहे, अशा टप्प्यांचे फोटो तारखेसह ठेवा. साचा काढणाऱ्याकडे हे फोटो असूच शकत नाहीत.

मातीकाम_नागपूर
१९५ करतो. मेणाचं काम मे महिन्यात चालेल का?

ओतकामवाला
नको. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांवर वितळतं, पण पस्तिशीतच मऊ पडतं. इथे पारा ४५ वर जातो. पोकळ मेणाचे घोटे आणि मनगटं आधी वाकतात, आणि तो बाक ब्राँझमध्ये जसाच्या तसा उतरतो. डिसेंबर-जानेवारीत करा. मेणाची जाडी सगळीकडे ५ मिमी ठेवा. कुठे जाड राहिलं तर तिथलं ब्राँझ शेवटी थिजतं आणि खड्डा पडतो.

कॅलिपर
पॅटिना (ब्राँझच्या पृष्ठभागावर चढवलेला रंग) गडद तपकिरीच घ्या. तांबूस, चमकदार रंगात ब्राँझ कातडीसारखं दिसतं आणि बघणाऱ्याची नजर घडणीवर टिकत नाही. ते टप्प्यांचे फोटो दालनाच्या दारातच लावा, शिल्पाच्या मागे नको.