विद्यार्थी-मार्गदर्शकांकडे प्राध्यापकांनी कोणती तांत्रिक कामे सोपवावीत?

प्रश्न (मराठी विभाग, निपाणी):
आमच्या पदवी महाविद्यालयात बीसीएच्या काही विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या जोडीला देऊन गूगल क्लासरूम, ऑनलाइन चाचण्या आणि डिजिटल टिपणे यांचा वापर वाढवावा, असा विचार सुरू आहे. ज्येष्ठ सहकारी शिकायला तयार आहेत. परंतु शेजारी बसलेला विद्यार्थी स्वतःच माऊस हाती घेऊन काम उरकून टाकतो आणि पुढच्या वेळी तेच काम पुन्हा त्याच्याकडेच जाते. शिवाय माझी श्रीलिपी या टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली जुनी टिपणे विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. ही मदत कुठपर्यंत घ्यावी?

उत्तर (संगणकशास्त्र, बेळगाव):
मॅडम, टिपणांचे काम निःशंकपणे सोपवा. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवरही वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षर-संकेतांत, रूपांतरित करावा लागेल. मात्र रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, त्यामुळे अंतिम वाचन तुम्हालाच करावे लागेल. मार्गदर्शक कन्नड माध्यमाचा असला तरी अडू नये. इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकाची कळरचना भारतीय लिप्यांसाठी समान तत्त्वावर बेतलेली असल्यामुळे, ज्याला तिच्यावर कन्नड टंकता येते त्याची बोटे देवनागरीतही बहुतांशी त्याच कळांवर पडतात. नुडी या कन्नड टंकलेखन सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांनी बहुधा त्याची स्वतंत्र कळरचना शिकलेली असते, म्हणून निवड करतानाच हे विचारून घ्यावे.

सोय म्हणून विद्यार्थ्याला क्लासरूममध्ये सहशिक्षक करण्याचा मोह मात्र टाळावा. सहशिक्षकाला वर्गातील सर्वांचे गुण दिसतात आणि ते बदलताही येतात. सरावासाठी एक वेगळा, रिकामा वर्ग उघडावा. तिथे प्राध्यापकांनी हव्या तितक्या चुका कराव्यात. पासवर्ड सांगू नये, आणि ज्या विषयाची चाचणी मार्गदर्शकाला स्वतः द्यायची आहे, तिची उत्तरसूची त्याच्यासमोर उघडू नये.

उत्तर (इतिहास विभाग, खानापूर):
माऊसच्या तक्रारीवर आमच्याकडे एकच नियम आहे: विद्यार्थ्याने फक्त तोंडाने सांगायचे. सुरुवातीला वेळ फार जातो, आणि आम्हा प्राध्यापकांना विद्यार्थ्यासमोर अडखळण्याचा संकोचही वाटतो (तो कोणी कबूल करीत नाही, हा भाग वेगळा). म्हणून हे काम स्टाफरूममध्ये चारचौघांत न ठेवता तास संपल्यावर रिकाम्या वर्गात ठेवावे.

त्याखेरीज विद्यार्थ्यांना वर्गाच्या बाजूची अडचण आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या मुलांना नेटवर्क तुटक मिळते. स्कॅन केलेल्या पानांची जड पीडीएफ त्यांच्याकडे उघडत नाही, हे आम्हाला एका मार्गदर्शकानेच दाखवून दिले. त्यानंतर आम्ही टंकलेल्या मजकुराच्या छोट्या फाइल देऊ लागलो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
दोघांचेही आभार. मार्गदर्शकांना मोबदला म्हणून अंतर्गत गुण द्यावेत, अशी एक सूचना आमच्याकडे आली आहे. ती योग्य वाटते का?

उत्तर (संगणकशास्त्र, बेळगाव):
नाही. ज्यांना ही संधी मिळाली नाही, त्यांच्यावर तो अन्याय ठरेल. कामाचे नेमके वर्णन असलेले प्राचार्यांच्या सहीचे प्रमाणपत्र द्यावे. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा अधिक उपयोग होतो.