मदत हवी आहे : बाबांना 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला होता

नमस्कार. माझे बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, साताऱ्यात एकटे राहतात. मी पुण्यात. गेल्या मंगळवारी त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसी गणवेशातला माणूस. "तुमच्या आधारवर घेतलेलं सिम गुन्ह्यात सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, मुलांना सांगायचं नाही." बाबा तीन तास तसेच बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. शेजारच्या काकू डबा द्यायला आल्या आणि त्यांनीच फोन बंद केला, म्हणून ठेव मोडायची वेळ आली नाही.

असा अटकेचा प्रकार कायद्यात नाहीच, हे आता त्यांना पटलंय. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर फोनच्या मागे मोठ्या अक्षरात चिकटवला. व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉल आले तर रिंग वाजणार नाही, अशी सेटिंगही केली.

पण ठेवीची काळजी आहे. नेटबँकिंगमधून मुदत ठेव मोडता येणार नाही, शाखेतच जावं लागेल, अशी सोय कुणी बँकेकडून करून घेतली आहे का? अर्ज कसा केलात?

आणि दुसरं, जास्त अवघड. बाबा आता माझाही फोन घाबरत उचलतात. "मी एवढा कसा फसलो" हेच सारखं म्हणतात. फोन काढून घ्यावा असं दादा म्हणतो, मला ते अजिबात पटत नाही. नातवंडांचे फोटो, भजनी मंडळाचा ग्रुप, सगळं त्यातच आहे. तुमच्या घरी असं घडलं असेल तर त्यांचा धीर परत कसा आणलात?