लेनी योरो: पोरगं पैसे वसूल करेल का? (ऑगस्ट 2024 मधली चर्चा)

लाल_सैतान: अठरा वर्षांचं पोर, फुटबॉलमधला बचावपटू. फ्रान्सच्या लील क्लबला 6 कोटी 20 लाख युरो मोजून मँचेस्टर युनायटेडनं आणलं आणि जुलै 2024 मध्ये लॉस एंजेलिसला, आर्सेनलविरुद्धच्या सराव सामन्यातच तळपायाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिने बाहेर. काय वाटतं मंडळी?

बाकावरचा: लिगामेंट नाही, हाड आहे, तेवढा जीव भांड्यात पडला. फक्त घाई नको. आपल्याच लिसांद्रो मार्टिनेझचं आठवा: एप्रिल 2023 मध्ये मेटाटार्सल, म्हणजे तळपायाचंच हाड मोडलं, नव्या सीझनला परतला आणि सप्टेंबरात पुन्हा तेच दुखणं.

ऑफसाइड_आबा: लीलचे सामने रात्री जागून बघितलेत. पोरगा उगाच घसरून टॅकल मारत नाही. स्ट्रायकरचा पहिला टच जरा लांब जायची वाट बघतो आणि मग तो लांबलचक पाय घालून बॉल अलगद काढून घेतो. रेआल माद्रिद उगीच मागे लागलं नव्हतं. अंगानं मात्र किडकिडीत. इंग्लंडात कॉर्नरला धक्काबुक्की होते तेव्हा बघू. आता पाय बांधलेला आहे तोवर खांदे तरी भरून घे म्हणावं.

लाल_सैतान: बरं आबा. तोवर बचावाला आपला जुना मॅग्वायर आहेच. हसू नका रे!